निर्जन किनाऱ्याचा इतिहास

मराठी माणसाची देवमाशाशी गाठ बहुधा वर्तमानपत्रातच पडते, आणि तीही दोनच प्रसंगी. एक, कोकणातल्या एखाद्या पुळणीवर त्याचे धूड येऊन लागले की. आणि दुसरा, त्याची तथाकथित ‘उलटी’ विकणारे कोणी पोलिसांच्या हाती सापडले की. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचे पिल्लू लागले होते. त्याला खोल पाण्यात परत नेण्यासाठी माणसांनी शिकस्त केली, पण ते वाचले नाही, हे वाचकांना आठवत असेल. शब्दांत आपण त्याला देवही म्हणतो आणि मासाही म्हणतो. तो मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे, हे आपण शाळेत शिकतो आणि तरीही मासाच म्हणत राहतो. मात्र जिवंत देवमासा पाहण्याचा योग आपल्यापैकी फार थोड्यांना येतो.

आम्हां दोघांना तो योग २०२५ च्या जुलैत आला, आणि तोही अगदी अनपेक्षितपणे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आप्तांच्या आग्रहामुळे आम्ही अलास्काच्या आग्नेय टोकाशी असलेल्या द्वीपसमूहात एका लहान जहाजातून आठवडाभर फिरलो. जहाजावर साठेक प्रवासी. रोज सकाळी समुद्रावर देवमासे पाहायचे आणि दुपारी रबरी होड्यांतून एखाद्या किनाऱ्यावर उतरून पायी हिंडायचे, असा क्रम. सफरीच्या पत्रकात या प्रदेशाचे वर्णन ‘निर्जन’ आणि ‘मनुष्याचा स्पर्श न झालेला’ असे केले होते. प्रस्तुत लेख त्या सफरीतील एका दिवसाविषयी आहे. खरे तर त्या एका विशेषणाविषयी आहे.

त्या दिवशी आम्ही चॅटहॅम सामुद्रधुनीत होतो. पूर्वेला ॲडमिरल्टी बेट, पश्चिमेला बॅरानोफ आणि चिचागोफ ही बेटे. १७९४ च्या उन्हाळ्यात जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतील जोसेफ व्हिडबी यांनी होड्यांतून या किनाऱ्यांची मोजणी केली आणि बेटाला ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयाचे नाव मिळाले. तेथील त्लिंगिट लोकांचे नाव अर्थातच त्याआधीचे आहे : खूत्सनूवू, म्हणजे अस्वलांचा गड. बेटावर सुमारे सोळाशे तपकिरी अस्वले आहेत. म्हणजे दर चौरस मैलाला साधारण एक. माणसांचे कायमचे गाव एकच, अँगून. लोकवस्ती पाचशेच्या आत.

सकाळी धुके होते. देवमासा दिसण्याआधी ऐकू येतो, हे आम्हांला तोवर ठाऊक नव्हते. लोहाराच्या भात्यातून एकदम हवा सुटावी तसा आवाज झाला, मग धुक्यात एक उभा फवारा दिसला, मग दुसरा, तिसरा. हे हम्पबॅक जातीचे देवमासे : लांबी बारा ते पंधरा मीटर, वजन पंचवीस-तीस टन. हिवाळ्यात ते सुमारे साडेचार हजार किलोमीटर पोहून हवाई बेटांच्या ऊबदार पाण्यात जातात, तिथे पिल्ले देतात, आणि उन्हाळ्यात खाण्यासाठी या थंड पाण्यात परततात. तिकडे त्यांना खायला जवळजवळ काहीच मिळत नाही. वर्षाची सगळी बेगमी इथल्या हेरिंग माशांवर करायची.

ती बेगमी कशी होते ते आम्ही पाहिले. सात-आठ देवमासे एकदम बुडाले. मार्गदर्शकाने पाण्यात सोडलेल्या ध्वनिग्राहकातून एक लांबट, चढत जाणारी हाक ऐकू येऊ लागली. पाण्यावर बुडबुड्यांचे एक वर्तुळ उमटू लागले, जणू खालून कोणी रांगोळीची रेघ ओढीत आहे. एक देवमासा गोल फिरत हवा सोडतो, बुडबुड्यांच्या भिंतीत हेरिंग अडकतात, दुसऱ्याच्या हाकेने ते वर रेटले जातात, आणि क्षणार्धात सारे देवमासे जबडे पसरून त्या वर्तुळातून वर येतात. हे जाळे विणण्याचे तंत्र आहे, त्याला अनेकांचा मेळ लागतो आणि ते एकमेकांपासून शिकले जाते. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या वृद्ध बाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते. आमचीही अवस्था फार वेगळी नव्हती.

या पाहण्यालाही इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही. पैसे देऊन देवमासे पाहायला जाण्याची प्रथा १९५५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे सुरू झाली. तिकीट होते एक डॉलर. त्यापूर्वी देवमाशाकडे पाहण्याचा एक ठरीव डोळा होता आणि तो पिंपांत मोजणारा होता : दिव्यांसाठी तेल, यंत्रांसाठी वंगण, शेतांसाठी खत. ज्या पाण्यात आम्ही उभे होतो त्याच्या काठी, ॲडमिरल्टीजवळच्या किलिस्नू या छोट्या बेटावर, १८८० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच एका व्यापारी कंपनीने देवमाशांचे तेल काढण्याचा उद्योग मांडला होता. पुढे १९०७ ते १९१३ या काळात ॲडमिरल्टीच्या दक्षिण टोकाशी टायी येथे वाफेच्या बोटींनी शिकार करणारे केंद्र चालले. १९६६ मध्ये उत्तर प्रशांत महासागरात हम्पबॅकची व्यापारी शिकार थांबविण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय झाला, तेव्हा त्या अफाट महासागरात हजार-दीड हजारच हम्पबॅक उरले असावेत, असा अंदाज आहे.

त्यानंतर दुसरा डोळा आला. तो घडविणाऱ्यांमध्ये जूनो या गावातील चार्ल्स जुराझ नावाचे एक शाळामास्तर होते, हे आम्हां शिक्षकांना विशेष वाटले. सुट्टीत कुटुंबासह होडीतून हिंडून ते देवमाशांची छायाचित्रे घेत. हम्पबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूवरील पांढऱ्या-काळ्या खुणा आपल्या बोटांच्या ठशांसारख्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. त्यामुळे शेपटीच्या छायाचित्रावरून प्राणी ओळखता येतो. बुडबुड्यांच्या जाळ्याचे शास्त्रीय वर्णनही या कुटुंबाने १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. आज प्रवाशांनी काढलेली छायाचित्रेसुद्धा या मोजदादीत जमा होतात. तिच्या आधारे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार उत्तर प्रशांतातील हम्पबॅकची संख्या २०१२ मध्ये सुमारे साडेतेहतीस हजारांवर पोचली होती; नंतर समुद्र तापल्याच्या वर्षांत ती सुमारे वीस टक्क्यांनी घटली. म्हणजे आम्ही सकाळी जे पाहिले ते आपोआप टिकलेले निसर्गदृश्य नव्हते. माणसाने हात आवरल्याचा तो परिणाम होता, आणि तोही पुन्हा धोक्यात आलेला.

दुपारी आम्ही ॲडमिरल्टीच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका लहानशा खाडीत उतरलो. ओहोटी होती. इकडे भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरांपर्यंत जातो, त्यामुळे समुद्राचा तळच उघडा पडल्यासारखा दिसतो. खडपांवर कालवे, जांभळे तारामासे, पाणी ओसरल्याने मिटून बसलेली समुद्रफुले, आणि दोरखंडासारखे लांबच लांब तपकिरी शैवाल. किनाऱ्यालगतच्या गवतात अस्वलांची पायवाट होती. पिढ्यान्‌पिढ्या अस्वले आधीच्या पावलांतच पावले टाकीत गेल्याने शेवाळात खोल ठसे उमटले होते. त्यापलीकडे स्प्रूस आणि हेमलॉकचे जुने, ओले, अंधारे रान. मार्गदर्शक तरुण होता, जाणकार होता. “ही जागा हजारो वर्षे अशीच आहे,” असे तो म्हणाला, आणि आम्ही सर्वांनी माना डोलावल्या.

परत होडीकडे येताना आमच्यापैकी एकाचे लक्ष पुळणीकडे गेले. किनारा सगळा गोट्यांनी आणि धोंड्यांनी भरलेला, पण एका ठिकाणी, पाण्यापासून गवतापर्यंत, सात-आठ फूट रुंदीची सरळ पट्टी तेवढी मोकळी होती. धोंडे दोन्ही अंगांना ओळीने सारलेले. कोकणात वाढलेल्या माणसाला अशी जागा काय आहे हे सांगावे लागत नाही. मार्गदर्शकाला विचारले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “होय, ती नावा ओढून घेण्याची वाट आहे. त्लिंगिट लोकांची. या किनाऱ्यांवर अशा बऱ्याच आहेत.” मग त्या नावा कुठे गेल्या, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर त्याने प्रामाणिकपणे दिले, पण ते एका वाक्यात देण्यासारखे नव्हते. उरलेले आम्ही नंतर वाचून काढले.

अमेरिकेने अलास्का १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरांना विकत घेतला. व्यवहार दोन सरकारांचा; तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. १८७९ पासून १८८४ पर्यंत तिथे मुलकी शासन नव्हते. सिट्का येथील नौदलाचा अधिकारी हेच सरकार. अशा काळात, २२ ऑक्टोबर १८८२ रोजी, किलिस्नूच्या कंपनीच्या शिकारी नावेवर हार्पूनच्या तोफेचा अपघाती स्फोट झाला आणि नावेवर काम करणारा एक त्लिंगिट मनुष्य ठार झाला. तो आपल्या समाजातील वैद्य-मांत्रिक होता, मोठ्या मानाचा. ज्या तोफेने त्याला मारले ती देवमाशांसाठी भरलेली होती.

त्लिंगिट समाज कुळांचा समाज आहे. प्रत्येक कुळाचे एक चिन्ह असते : कोणाचे बीव्हर, कोणाचे ‘किलर व्हेल’. आपल्याकडील देवकाच्या कल्पनेशी ही चिन्हे ताडून पाहण्याजोगी आहेत. या समाजाच्या न्यायात मृत्यू अपघाती असला तरी तो ज्याच्या कामावर झाला त्याने मृताच्या कुळाला भरपाई द्यायची असते. त्यामुळे वैर उरत नाही. अँगूनच्या लोकांनी दोनशे घोंगड्या मागितल्या. घोंगडी हे त्या काळी त्या किनाऱ्यावरचे चलनच होते.

यापुढे इतिहासाच्या दोन वाटा होतात. कंपनीच्या आणि नौदलाच्या कागदांनुसार कामगारांनी होड्या आणि दोन गोरे नोकर ताब्यात घेतले आणि बंडाची धमकी दिली. अँगूनच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या हकीकतीनुसार त्यांनी सुतकात काम थांबविले होते आणि भरपाईची वाट पाहत होते. ओलीस कोणी ठेवलेच नव्हते. कंपनीच्या व्यवस्थापकाने सिट्काला जाऊन नौदलाला बोलावले. कमांडर एडगर मेरीमन हे ‘थॉमस कॉर्विन’ हे महसूल खात्याचे सशस्त्र जहाज आणि एक ओढबोट घेऊन आले. त्यांनी दोनशे घोंगड्या देणे दूरच, उलट अँगूनच्या लोकांकडेच चारशे घोंगड्यांचा दंड मागितला आणि मुदत दिली दुसऱ्या दिवसापर्यंतची. त्लिंगिट न्यायाचे चलन उचलायचे आणि न्याय मात्र उलटा करायचा, असा हा प्रकार. मुदतीत तेवढ्या घोंगड्या जमल्या नाहीत. २६ ऑक्टोबर १८८२ रोजी अँगूनवर तोफा डागण्यात आल्या. मग खलाशी उतरले, घरे लुटली, जाळली, हिवाळ्यासाठी साठविलेले अन्न नष्ट केले. सुमारे चाळीस नावा फोडल्या. अँगूनच्या परंपरेनुसार धुराने गुदमरून सहा मुले मेली, आणि त्या हिवाळ्यात भुकेने व थंडीने आणखी किती तरी माणसे गेली.

नावा फोडण्याचा अर्थ समुद्राकाठच्या माणसाला सांगावा लागत नाही. त्या मुलखात रस्ता नाही. नाव हाच रस्ता, नाव हेच शेत. उन्हाळ्यात निरनिराळ्या खाड्यांत मासेमारीसाठी, कंदांसाठी, फळांसाठी मुक्काम करायचा आणि हिवाळ्यात गावी परतायचे, असा त्यांचा वर्षाचा फेरा होता. अँगूनजवळच्या एका उपसागराच्या चिखलात मासे अडविण्यासाठी रोवलेल्या लाकडी खुंटांचे अवशेष सापडले आहेत. ते सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. ‘हजारो वर्षे अशीच’ असलेली जागा ती हीच. ज्यांच्या नावा फुटल्या त्यांना दूरच्या खाड्यांवर जाता येईना. देवी आणि इतर साथींनी ही वस्ती आधीच विरळ केली होती. पुढे मिशन, शाळा आणि मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांतील मजुरी यांनी उरलेल्यांना एका जागी गोळा केले. किनारे रिकामे होत गेले.

आणि त्याच वेळी प्रवासी येऊ लागले. बाँबवर्षावानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच १८८३ मध्ये ‘आयडाहो’ या आगबोटीतून एलायझा सिडमोर ही अमेरिकन पत्रकार या जलमार्गाने फिरली. तिच्या १८८५ च्या पुस्तकाने इथल्या पर्यटनाला मोठी चालना दिली. त्या पुस्तकात किलिस्नूही आहे. म्हणजे उद्ध्वस्त गाव आणि प्रेक्षणीय किनारा यांच्यामध्ये काळाचे फारसे अंतर नाही.

इथे आम्हांला राहून राहून खांडववन आठवत होते. इंद्रप्रस्थासाठी जाळलेले ते वन महाभारतात रिकामे नाही. तिथे नाग आहेत, मय आहे, पक्षी आणि त्यांची पिल्ले आहेत. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या दाहाकडे ज्या कठोर डोळ्यांनी पाहिले, त्याने आमच्या पिढीतल्या अनेक विद्यार्थ्यांची महाभारत वाचण्याची रीतच बदलली. ‘अरण्य’ या शब्दाच्या मुळाशी ‘अरण’, म्हणजे परके, दूरचे, हा अर्थ आहे. जागा परकी की ओळखीची हे बोलणाऱ्यावर अवलंबून असते. ‘निर्जन’ हा शब्द मात्र तसा प्रामाणिक नाही. तो पाहणाऱ्याविषयी काही न सांगता जागेविषयी निवाडा देतो.

तथापि एवढ्यावर थांबलो तर आम्हीही एक सोपी गोष्ट सांगून मोकळे झालो, असे होईल. अमेरिकेच्या १९६४ च्या कायद्याने ‘निर्जन प्रदेश’ म्हणजे जिथे माणूस केवळ पाहुणा असतो, मुक्काम करीत नाही, अशी व्याख्या केली. ॲडमिरल्टीवर प्रचंड लाकूडतोडीचे संकट आले तेव्हा पर्यावरणवाद्यांबरोबर अँगूनचे लोकही विरोधात उभे राहिले. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी बेटाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आणि १९८० च्या कायद्याने त्याचा बहुतेक भाग ‘निर्जन प्रदेश’ म्हणून राखला गेला. त्याच कायद्याने या प्रदेशातील लोकांचा उपजीविकेपुरत्या शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क मान्य केला. अँगूनच्या कुळांच्या मालकीच्या कंपनीने आपल्या वाट्याचे झाड तोडण्यासाठी दुसऱ्या बेटावर जमीन घेतली, पण ॲडमिरल्टी तोडू दिले नाही. म्हणजे ज्या शब्दाने त्यांना पुसून टाकले, तोच शब्द हत्यारासारखा वापरून त्यांनी आपले रान वाचविले. आम्ही ज्या रानात उभे होतो ते उभे आहे याचे श्रेय काही अंशी त्यांचे आहे, हे पत्रकात लिहायला हवे होते.

न्यायाची कथा मात्र फार संथ आहे. १९७३ मध्ये भरपाईदाखल नव्वद हजार डॉलर मंजूर झाले. नष्ट झालेल्या मालमत्तेची ती १८८२ च्या भावाने केलेली किंमत होती. पण कुळांच्या न्यायात भरपाईबरोबर चूक कबूल करावी लागते, आणि ती कबुली आली नव्हती. दरवर्षी ऑक्टोबरात अँगूनचे लोक स्मरणविधी करीत आणि माफीची वाट पाहत. बाँबवर्षावाच्या वेळी गावाबाहेर असलेली एक नाव तेवढी वाचली होती, आणि तिच्याच आधाराने लोकांनी तो हिवाळा काढला. तिच्या नाळेवरचे बीव्हरचे कोरीव शिर १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या कोठारात गावच्या वडीलधाऱ्यांना सापडले आणि नंतर ते घरी आले. जून २०२३ मध्ये अँगूनच्या शाळेतील मुलांनी कोरलेली नाव पाण्यात उतरविण्यात आली. १८८२ नंतर अँगूनमध्ये तयार झालेली ही पहिली नाव असे सांगतात. आणि २६ ऑक्टोबर २०२४ रोजी, बरोबर १४२ वर्षांनी, अमेरिकी नौदलाने अँगूनमध्ये येऊन माफी मागितली. त्याआधी महिनाभर, केक या गावी, १८६९ मधील अशाच हल्ल्याबद्दल माफी मागण्यात आली होती.

माफीने काय होते, असा प्रश्न आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना विचारला तर बहुतेक जण ‘काही नाही’ म्हणतील. आम्हांला तसे वाटत नाही. हम्पबॅकच्या बाबतीत माणसाने एवढेच केले की मारणे थांबविले आणि प्रत्येकाला ओळखायला शिकला; त्यातून एक जात सावरली. माणसांच्या बाबतीत आधी निदान एवढे मान्य करावे लागते की इथे कोणी तरी होते आणि आहे. त्या मान्यतेवाचून बाकीचे काही सुरूच होत नाही.

संध्याकाळी जहाजावर रोजच्याप्रमाणे फळा लावलेला होता. त्यावर मार्गदर्शक दिवसभरात दिसलेल्या प्राण्यांची यादी करी आणि प्रवासी भर घालीत. हम्पबॅक अकरा, तपकिरी अस्वले दोन, गरुड मोजले नाहीत, सील, साळुंकीएवढे काही निळे पक्षी. काही राहिले का, असे त्याने विचारले. आम्ही संकोचत हात वर केला आणि म्हणालो, “नावेची वाट, एक.” थोडा हशा पिकला. त्याने मात्र हसू आवरले, खडू उचलला आणि यादीच्या शेवटी ते लिहिले. मग दुपारच्या खाडीची गोष्ट त्याने सगळ्यांना सांगितली, अँगूनसह. ऐकताना सकाळच्या त्या वृद्ध बाईंनी एकच प्रश्न विचारला : तिथे जाता येईल का? उद्याच्या कार्यक्रमात ते गाव नव्हते. पण फेरीबोट जाते, असे तो म्हणाला, आणि बाईंनी आपल्या वहीत नाव लिहून घेतले.